सैनिक कुटुंबाची सवलत : कोण देतं, कुणासाठी असते, कशी जपायची

मागच्या दिवाळीत आपल्या संघाने तालुक्याच्या बाजारपेठेत चार दिवस फराळाचा स्टॉल लावला होता. स्टॉलवर एक पाटी होती, 'आजी-माजी सैनिकांच्या कुटुंबांना 10 टक्के सूट'. ही कल्पना माझी. आपल्या सातारा-सांगली भागात जवळजवळ प्रत्येक गावात फौजेतली घरं आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले, त्यांच्या आठवणीची पाटी गावात आहे. अशा भागात आपल्या बायकांनी केलेला फराळ सैनिकाच्या घरी थोडा स्वस्त गेला तर चांगलंच, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. "चुलते मिलिटरीत आहेत," म्हणाला आणि 12 किलो चिवडा-चकली सूट लावून घेऊन गेला. संध्याकाळी आपल्याच एका ताईने बघितलं, तो माल त्याच्या स्वतःच्या दुकानात पुड्या बांधून विकायला ठेवला होता. सगळ्या जणी चिडल्या. मी लगेच नियम केला की उद्यापासून कार्ड दाखवल्याशिवाय सूट नाही.

तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. अर्धा किलो चकली आणि पाव किलो लाडू घेतले आणि पाटीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "आजी, कार्ड दाखवा." त्या म्हणाल्या, "कार्ड नाय बाई जवळ. आमचं मालक मिल्ट्रीत हुतं." मी म्हटलं, "कार्ड असल्याशिवाय नाही जमणार." मागे सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. आजींनी लाडवाची पिशवी परत माझ्या हातात दिली, चकलीचे पूर्ण पैसे मोजले आणि गेल्या.

सूट होती 30 रुपयांची. आपल्या स्टॉलवरच्या एका ताईने नंतर सांगितलं, "अगं, त्या खरंच सैनिकाच्या पत्नी आहेत. आमच्या शेजारच्या गावच्या."

म्हणजे दोन दिवसांत आपण दोन चुका केल्या. ज्याला द्यायची नव्हती त्याला 480 रुपयांची सूट दिली आणि जिला द्यायची होती तिला 30 रुपयांसाठी परत पाठवलं. असं का झालं आणि पुढे काय करायचं, हे आज तुमच्यासमोर मांडते. यात सैनिक कुटुंबातल्या मैत्रिणींसाठी कामाची माहिती आहे आणि स्टॉल लावणाऱ्या गटांसाठीही.

सवलतीचे पैसे कोण भरतं?

सवलत म्हणजे फुकट मिळालेली गोष्ट, असं आपल्याला वाटतं. पण घेणाऱ्याचे जे पैसे वाचतात, ते कुणीतरी भरलेलेच असतात.

मिलिटरी कॅन्टीनचं बघा. ही कॅन्टीन संरक्षण मंत्रालयाच्या कॅन्टीन स्टोअर्स विभागामार्फत चालतात. हा विभाग 1948 साली सुरू झाला, त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. तिथे साबण, तेल, कुकर, मिक्सर स्वस्त मिळतात याची दोन मोठी कारणं आहेत. एकदम मोठी खरेदी होते आणि सरकार जीएसटीचा अर्धा भाग त्या विभागाला परत देतं. म्हणजे सरकारने आपला कर सोडलेला असतो.

एसटीचं बघा. 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. उरलेल्या अर्ध्याची भरपाई राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं.

घरपट्टीचं बघा. 2020 पासून राज्यात माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीत माफी आहे. योजनेचं नाव 'बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना'. तो पैसा ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातून कमी होतो, म्हणजे गावाने दिलेला तो मान आहे.

आता आपल्या स्टॉलचा हिशोब मांडा. चकली आपण 400 रुपये किलोने विकली. माल, गॅस, तेल आणि भाजणाऱ्या बायकांची मजुरी धरून खर्च 340 रुपये. गटाला किलोमागे राहतात 60 रुपये. 10 टक्के सूट दिली की 40 रुपये जातात, राहतात 20. म्हणजे ती सूट आपण आपल्या कष्टातून देत होतो. त्या तरुणाने 12 किलोवर 480 रुपये काढले ते सरकारचे नव्हते, पहाटे चारला उठून भाजणी करणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचे तरी होते.

हे कळलं की सवलत 'मागून बघू, मिळाली तर मिळाली' अशी गोष्ट राहत नाही.

खोटं एकाचं, कागद सगळ्यांना

सवलत विश्वासावर सुरू होते. "मी सैनिकाची पत्नी आहे" म्हटलं की समोरच्याने मान द्यायचा, एवढंच. मग कुणीतरी खोटं बोलतं. मग दुकानदार पुरावा मागतो. पुरावाही कुणीतरी खोटा आणतं, की दुसरा पुरावा मागायला लागतात. शेवटी होतं असं की खोटं बोलणारा कुठूनतरी कागद जमवतो आणि खरी बाई मात्र, जिची कागदपत्रं घरी पेटीत तळाशी आहेत, ती मागे फिरते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत मोठमोठ्या दुकानांत माजी सैनिकांना साधारण 10 टक्के सूट देतात. 11 नोव्हेंबरला त्यांचा माजी सैनिक दिन असतो, त्या दिवशी हॉटेलांत जेवणसुद्धा देतात. पूर्वी काउंटरवर ओळखपत्र दाखवलं की काम व्हायचं. आता बऱ्याच मोठ्या दुकानांत आधी ऑनलाइन नोंदणी करून, सेवेची पडताळणी झाल्यावरच सूट मिळते. खोटी पदकं सांगून पैसा किंवा फायदा मिळवणं हा तिथे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा करावा लागला, म्हणजे खोटं बोलणारे तिथेही कमी नव्हते.

आपल्या जवळचं उदाहरण तर तुम्ही स्वतः भोगलंय. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये आली. 2025 मध्ये तपासणीत निघालं की अपात्र लोकांनी, काही पुरुषांनीसुद्धा, पैसे घेतलेत. मग सगळ्यांनाच ई-केवायसी करायला लागली. आठवा ती रांग. ओटीपी येत नाही, नवरा-वडील दोघंही हयात नाहीत तर कुणाचं आधार जोडायचं? खोटे पैसे घेतलेल्याला यातला काही त्रास झाला असेल का? रांगेत उभी राहिली ती खरी लाभार्थी.

आजींचं कार्ड कुठे होतं?

दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात मी त्या गावच्या सीआरपी ताईंना घेऊन आजींच्या घरी गेले. लाडू घेऊन गेले होते. आजी रागावलेल्या नव्हत्या, पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट बोलून दाखवली. "तू इचारलंस त्ये बराबर केलंस. पर समद्या बाजारात इचारलंस, जसं काय म्या चोरीच केली."

मी माफी मागितली. मग गप्पांत कॅन्टीनच्या कार्डाचा विषय निघाला. कार्ड पुतण्याकडे असतं. तो महिन्याला कॅन्टीनला जातो, आजींसाठी साबण-तेल आणतो "कवातरी". बाकी काय आणतो हे आजींना माहीत नव्हतं. सीआरपी ताईंना मात्र माहीत होतं. गावात कुणाला मिक्सर हवा, कुणाला बाटली हवी, सगळं त्या कार्डावर येत होतं.

इथे मैत्रिणींनो, नीट लक्ष द्या, कारण हे बऱ्याच घरांत चालतं आणि कुणाला त्यात चूक वाटत नाही.

कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड सैनिकाच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या वापरासाठी असतं. त्यावर महिन्याच्या खरेदीला मर्यादा असते. शेजाऱ्याचा मिक्सर त्या कार्डावर आला की कार्डवाल्या बाईची मर्यादा तेवढी कमी होते. कार्ड दुसऱ्याला वापरायला देणं आणि कॅन्टीनचा माल बाहेर विकणं नियमाबाहेर आहे. पकडलं गेलं तर कार्ड बंद होऊ शकतं, आणि बंद होतं ते कार्ड आजींचं, पुतण्याचं नाही. बाटलीची गोष्ट तर याहून गंभीर. विनापरवाना दारू विकणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती कॅन्टीनची का असेना. गावात दारूविरुद्ध ठराव करणाऱ्याही आपणच. मग 'कॅन्टीनची आहे, चांगली असते' म्हणून त्याकडे डोळेझाक कशी करायची?

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कार्ड मागितलं तर पोरगं यायचं बंद हुईल." हे खरंच होतं. गावात एकट्या बाईला बाजारातून सामान आणून देणारं माणूस किती मोलाचं असतं, हे मी शहरातून येऊन त्यांना काय शिकवणार?

आजींनी कार्ड मागून घेतलं. पुतण्या महिना-दीड महिना आलाच नाही. गटाच्या बायकांनी ठरवलं की महिन्यातून एकदा आजींसोबत कुणीतरी एक जण कॅन्टीनला जाईल. आजींचं सामान आजींच्या नावावर, पावती आजींच्या हातात, आणि सोबत जाणारीने स्वतःसाठी काही मागवायचं नाही. आता पुतण्याही अधूनमधून येतो. अगदी पूर्वीसारखं सगळं झालेलं नाही, पण आजींना आपल्या कार्डावर काय आलं ते कळतं.

सैनिकांच्या पत्नी आणि विधवा मैत्रिणींनो, एवढं करा

1. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी आहे. माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना तिथून ओळखपत्र मिळतं. ते काढलं नसेल तर काढून घ्या. कॅन्टीनचं कार्ड आणि हे ओळखपत्र वेगवेगळं आहे.

2. मालकांचं डिस्चार्ज पुस्तक आणि पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून ठेवा. त्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघा. आधारवर 'सुमन' आणि पुस्तकात 'सुमनबाई' असं असेल तर आत्ताच विचारून दुरुस्त करा, अडचणीच्या वेळी नको.

3. घरपट्टीची माफी आपोआप होत नाही. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. माफी एकाच घराला असते.

4. कार्ड कुणाकडे आहे, पिन कुणाला माहीत आहे, मागच्या महिन्यात त्यावर काय आलं, हे तुम्हाला माहीत पाहिजे. कार्ड हरवलं तर लगेच कॅन्टीनला कळवा.

वर्दीच्या नावाने येणारे फोन

सैनिकावरचा आपला विश्वास किती मोठा आहे हे चोरांनाही माहीत आहे. म्हणून हल्ली फसवणूक वर्दीच्या नावाने होते, आणि खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या गटांना तर असे फोन ठरलेलेच.

फोन साधारण असा असतो. "मी मिलिटरी कॅम्पमधून बोलतोय. जवानांसाठी 50 किलो लाडू पाहिजेत." हिंदीत, रुबाबात बोलतात. व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड पाठवतात. भाव करत नाहीत. इथेच शंका यायला पाहिजे, कारण 50 किलो घेणारं गिऱ्हाईक भाव केल्याशिवाय राहत नाही. मग म्हणतात, "आमच्यात पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे. मी कोड पाठवतो, तो स्कॅन करून आधी एक रुपया पाठवा, तुम्हाला दोन परत येतील." एक पाठवला की दोन खरंच येतात. मग मोठ्या रकमेचा कोड येतो, आणि तुमच्या खात्यातून पैसे जातात.

दुसरा प्रकार गाडीचा. "माझी बदली झाली, गाडी स्वस्तात द्यायची आहे," म्हणून जाहिरात असते. गाडी मिलिटरीच्या पार्सलने येईल सांगून आधी भाडं, मग विमा, मग आणखी काहीतरी मागत राहतात. गाडी येत नाही.

तीन गोष्टी पाठ करा. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. कोड स्कॅन करतो तो पैसे देणारा, घेणारा नाही. आणि फोटोतली वर्दी म्हणजे ओळख नाही. फसवणूक झाली तर लाजू नका, त्याच क्षणी 1930 वर फोन करा. जितका लवकर फोन, तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. फसवण्यासाठी सैनिकाची वर्दी घालणं हाही आपल्या कायद्यात गुन्हा आहे.

मग स्टॉलवर सूट ठेवायची की नाही?

दिवाळीनंतरच्या बैठकीत काही जणी म्हणाल्या, "सूटच बंद करा, कटकट नको." त्यांचा राग मला समजतो. पण त्या तरुणामुळे आजींची सूट बंद केली तर शेवटी जिंकला तो तरुणच.

बचत गटात आपण एकमेकींवर विश्वास ठेवतो, तरी प्रत्येक हप्त्याची नोंद वहीत करतो, पासबुकावर सही घेतो. ती नोंद कुणावर संशय म्हणून नसते. उद्या भांडण होऊ नये आणि विश्वास टिकावा म्हणून असते. सगळ्यांना नियम सारखा, म्हणून कुणाला अपमान वाटत नाही. अध्यक्षताईंचीही सही घेतोच की. माझी चूक इथे झाली. मी रागाच्या भरात रातोरात नियम केला, तो पाटीवर लिहिला नाही आणि एका म्हाताऱ्या बाईला चारचौघांत अडवलं.

म्हणून या वर्षीच्या स्टॉलसाठी संघाने असं ठरवलंय :

– पाटीवरच पूर्ण नियम लिहायचा. कुणाला सूट, किती, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त 3 किलोपर्यंत. मर्यादा असली की दुकानात नेऊन विकणाऱ्याला त्यात फायदा उरत नाही.

– ओळखपत्र चालेल, पीपीओची झेरॉक्स चालेल, कॅन्टीन कार्डही चालेल. कार्ड फक्त बघायचं. त्याचा फोटो काढायचा नाही, नंबर लिहून घ्यायचा नाही.

– कागद जवळ नसेल तर त्या गावची आपली गटातली बाई ओळख देईल. आपले गट गावोगावी आहेत, ही ओळख कुठल्याही मोठ्या दुकानाकडे नाही.

– विचारायचं ते बाजूला घेऊन, हळू आवाजात, आधी नमस्कार करून. "आजी, सगळ्यांनाच विचारतोय, रागावू नका."

– सूट किती दिली याची वहीत वेगळी ओळ. चार दिवसांनी बेरीज करून बैठकीत वाचायची. ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त गेली तर पुढच्या वेळी टक्के कमी करायचे, पण ते सगळ्यांनी मिळून.

पुढच्या बैठकीत हे बोला

आपल्या गटात सैनिक कुटुंबातल्या किती जणी आहेत? त्यांच्याकडे ओळखपत्र आहे का? कॅन्टीनचं कार्ड कुणाच्या हातात असतं? आणि आपण स्वतः कधी कुणाच्या कार्डावर काही मागवलंय का? शेवटच्या प्रश्नाला हात वर करायला अवघड जाईल. माझ्या घरी कुकर असाच आलेला आहे. शेजारच्या काकांच्या कार्डावर, माझ्या आईने मागवलेला. तेव्हा आम्हाला तो शेजारधर्म वाटला होता.

बैठकीत काय ठरलं ते सीआरपी ताईंकडे लिहून द्या. ज्यांना ओळखपत्र काढायचं आहे त्यांची नावं एकत्र आली की एकाच दिवशी सगळ्या मिळून साताऱ्याला किंवा सांगलीला जाऊ, मी सोबत येईन. डबा मात्र आपापला आणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक